केंटकीतला खापरपणजोबा शोधताना: घरच्या बायबलपासून कोर्टाच्या दप्तरापर्यंत

नातीला शाळेतून घराण्याचा वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं होतं. आमच्या बाजूची नावं कुळवृत्तांतात छापलेली आहेत, ती दहा मिनिटांत उतरवून झाली. सुनेच्या बाजूला मात्र तिच्या पणजीपाशीच काम थांबलं. "आमचे लोक केंटकीचे, डोंगर ओलांडून गेलेले," एवढंच विहीणबाईंना ठाऊक होतं. आणि एक जाडजूड बायबल होतं, ज्याच्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं आणि मृत्यू लिहिलेले होते. त्या पानांपासून सुरुवात करून मी जे शिकले ते इथे क्रमाने मांडते आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी घरांतल्या नातवंडांची अर्धी मुळं आता त्या मातीत आहेत, आणि तीही आपलीच म्हणून शोधावीत असं मला मनापासून वाटतं.

उदाहरणादाखल सुनेचं घराणं न घेता अब्राहम लिंकनचं घेते. ते प्रसिद्ध आहे म्हणून नव्हे. पेनसिल्व्हेनिया, मग व्हर्जिनिया, मग केंटकी, मग इंडियाना असा या घराण्याचा प्रवास त्या काळच्या हजारो साध्या कुटुंबांसारखाच झाला, आणि त्याचे कागद सगळ्यांना पाहायला खुले आहेत.

डिसेंबर १८५९ मध्ये लिंकनने एका परिचिताला स्वतःची थोडक्यात माहिती लिहून दिली. आजोबांबद्दल तो लिहितो की ते व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून (काउंटी म्हणजे राज्यातला आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) १७८१ किंवा ८२ च्या सुमारास केंटकीत आले आणि एक-दोन वर्षांत, जंगल तोडून शेत काढत असताना, मूळनिवासींच्या हातून मारले गेले. त्यांचे पूर्वज क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे होते आणि पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीतून आले होते. त्यामागचं काही सांगता येत नाही. पुढच्याच वर्षी जो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, त्याला आपल्या आजोबांच्या पलीकडचं नाव सांगता येत नव्हतं. तेव्हा तुमच्या घरी कोणाला काही आठवत नसेल तर त्यात नवल नाही.

आधी घरातलं सगळं बाहेर काढा

बायबल, जुनी पत्रं, वर्तमानपत्रातली मृत्यूची बातमी, अंत्यविधीला वाटलेली छापील कार्डं, फोटोंच्या पाठीवरची अक्षरं, शेताचे कागद. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडे बसा आणि बोलणं रेकॉर्ड करा. "आपले पूर्वज कोण?" या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. "तुमच्या आजीला घरात काय म्हणायचे? ती कुठे पुरली आहे? उन्हाळ्यात तुम्ही कोणाकडे राहायला जायचात?" असं विचारलं की माणसं बोलू लागतात. चुलत-मावस घरांतही विचारा. बायबल बहुधा एखाद्या मुलीकडे गेलेलं असतं आणि तिचं आडनाव लग्नानंतर बदललेलं असतं.

बायबल हाती आलं की नावं उतरवण्याआधी त्याचं शीर्षकपान पाहा. तिथे छपाईचं वर्ष असतं. बायबल १८४० साली छापलेलं असेल आणि त्यात १७७५ चा जन्म लिहिलेला असेल, तर ती नोंद जन्माच्या वेळी झालेली नाही. कोणीतरी आठवणीतून किंवा जुन्या कागदावरून ती नंतर उतरवली आहे. मग शाई आणि अक्षर पाहा. तीस वर्षांतली दहा मुलं एकाच शाईने, एकाच वळणाच्या अक्षरात लिहिलेली असतील तर ती एका बैठकीत लिहिली गेली. लिंकनच्या घरच्या बायबलमध्ये वडील थॉमस यांचा जन्म ६ जानेवारी १७७८ असा आहे, पण त्या नोंदी अब्राहमने स्वतःच्या हाताने वडील वारल्यावर, १८५१ साली केल्या. म्हणजे घटना आणि नोंद यांत सत्तरपेक्षा जास्त वर्षं गेली. म्हणून ती खोटी ठरत नाही, पण दुसऱ्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.

पानाचे फोटो घेताना शीर्षकपानाचा आणि कोरी असली तरी आजूबाजूच्या पानांचाही घ्या. अक्षर जसं आहे तसं उतरवा, शुद्धलेखन सुधारू नका.

१७५२ पूर्वीच्या तारखा दिसल्या तर सावध व्हा. तोवर इंग्रजी वसाहतींत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात दिनदर्शिकेतले ११ दिवस गाळले गेले. जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरच्या बायबलमध्ये त्याचा जन्म ११ फेब्रुवारी १७३१/२ असा आहे, तर जयंती साजरी होते २२ फेब्रुवारी १७३२ ची. तिरपी रेघ देऊन लिहिलेलं दुहेरी वर्ष दिसलं तर दोन्ही आकडे उतरवा.

जनगणनेवरून मागे जा, पण १८५० ला थांबून विचार करा

अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते. अलीकडून मागे जायचं. १९५० ची यादी २०२२ साली खुली झाली, तीच पहिली पायरी धरा. १८९० चे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले, त्यामुळे १९०० वरून थेट १८८० वर उडी मारावी लागते. १८८० मध्ये प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांची जन्मराज्यं दिलेली आहेत. १८५० मध्ये घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय आणि जन्मराज्य आहे, पण नातं नाही. घरातली लहान मुलं पुतणे आहेत, नातवंडं आहेत की पहिल्या बायकोची मुलं आहेत, ते यादी सांगत नाही.

१८४० आणि त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव मिळतं, बाकीचे वयोगटाच्या रकान्यांत आकडे होऊन बसलेले असतात. केंटकीच्या १७९० आणि १८०० च्या याद्या तर उरलेल्याच नाहीत. त्यांची जागा काउंटीच्या वार्षिक करयाद्या भरून काढतात आणि त्या मला जनगणनेपेक्षा जास्त उपयोगी वाटतात, कारण त्या दर वर्षी होत. एखादं नाव यादीत पहिल्यांदा आलं की तो मुलगा २१ वर्षांचा झाला असेल किंवा कुटुंब नव्याने आलं असेल. नाव गळलं आणि पुढच्या वर्षी त्याच जमिनीवर एखाद्या बाईचं नाव आलं, तर ती विधवा झालेली असते. दहा-पंधरा वर्षांच्या याद्या ओळीने वाचा. फक्त आपलं आडनाव नको, वरची-खालची नावंही वहीत घ्या.

माणूस हलला नाही, काउंटी हलली

मला सगळ्यांत जास्त वेळ इथे गेला, म्हणून जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेच्या या भागात मृत्युपत्र, खरेदीखत, लग्नाचा जामीन (लग्नाला कायदेशीर अडथळा नाही याची लेखी हमी), सगळं काउंटीच्या कोर्टहाउसमध्ये राहतं. नव्या वस्तीच्या प्रदेशात काउंट्या मात्र सारख्या फुटत होत्या. १७७६ च्या अखेरीस आख्खं केंटकी ही व्हर्जिनियाची एकच काउंटी होती. १७८० मध्ये तिच्या जेफरसन, फेयेट आणि लिंकन अशा तीन झाल्या (हा लिंकन वेगळा, ते एका सेनापतीचं नाव). १७९२ साली राज्य झालं तेव्हा त्या ९ होत्या आणि आज १२० आहेत. एकाच शेतावर जन्मभर राहिलेल्या माणसाचे कागद तीन-चार कोर्टहाउसांत विखुरलेले असू शकतात. अब्राहम लिंकन जन्मला ते शेत १८०९ साली हार्डिन काउंटीत होतं. आज ते लारू काउंटीत आहे, जी १८४३ मध्ये वेगळी झाली. पणजोबा जॉन लिंकन १७६० च्या दशकात व्हर्जिनियात ज्या लिनव्हिल क्रीकवर आले, तो भाग तेव्हा ऑगस्टा काउंटीत होता. १७७८ मध्ये ऑगस्टातून रॉकिंगहॅम निघाली. खरेदीच्या वेळचा कागद ऑगस्टात, नंतरचे रॉकिंगहॅममध्ये, आणि माणूस तिथेच.

यावर उपाय आहे. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाने काउंट्यांच्या ऐतिहासिक सीमांचे नकाशे तयार केले आहेत, ते मोफत पाहता येतात. तारीख टाकली की त्या दिवशीची सीमा दिसते. पूर्वजाच्या आयुष्यातला प्रत्येक प्रसंग घेऊन त्या दिवशी ते ठिकाण कुठल्या काउंटीत होतं, ते आधी लिहून काढा. मगच शोध सुरू करा.

काउंटी चुकली तर काय होतं ते लिंकनच्या आईवडिलांच्या लग्नावरून कळतं. थॉमस लिंकन आणि नॅन्सी हँक्स हार्डिन काउंटीत राहिले, म्हणून लोकांनी लग्नाची नोंद तिथेच शोधली. ती मिळेना. त्यातून त्यांचं लग्नच झालं नव्हतं अशी कुजबुज सुरू झाली. १८७८ साली, लिंकनच्या हत्येनंतर १३ वर्षांनी, शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या स्प्रिंगफील्ड गावातल्या कोर्टाच्या दप्तरात १० जून १८०६ चा जामीनकागद सापडला आणि पाद्री जेसी हेड यांनी दिलेली विवाहांची यादीही मिळाली. लग्नाची तारीख १२ जून १८०६. एका बाईच्या चारित्र्यावरचा डाग केवळ दुसऱ्या काउंटीतलं दप्तर उघडल्याने पुसला गेला. मुलगी राहत असे तिथे लग्न लागायचं, आणि नॅन्सी तेव्हा बेरी कुटुंबाकडे वॉशिंग्टन काउंटीत राहत होती. म्हणून लग्न शोधताना नवऱ्यामुलाची काउंटी सोडा आणि मुलीचं घर कुठे होतं ते पाहा.

त्या जामीनकागदावर थॉमसबरोबर रिचर्ड बेरी यांची सही आहे आणि ती पालक म्हणून आहे. लग्नाला जामीन राहणारा माणूस बहुधा मुलीचा बाप, भाऊ किंवा पालक असतो. माहेरचं नाव हरवलेल्या बाईसाठी हा जामीनदार म्हणजे पहिला धागा.

जमिनीच्या मागे जा

आपल्याकडे जुन्या खरेदीखतात चतुःसीमा असते, अमक्याची विहीर, तमक्याचा बांध. केंटकी, टेनेसी आणि व्हर्जिनियातही तसंच होतं. "पांढऱ्या ओकपासून ओढ्याच्या वळणापर्यंत ८० पोल, तिथून अमक्याच्या कोपऱ्यापर्यंत" असं वर्णन असतं. एक पोल म्हणजे साडेसोळा फूट. हे वर्णन कागदावर काढायला शिका, कारण शेजाऱ्यांची शेतं काढून एकमेकांना जोडली की आख्खी वस्ती उभी राहते, आणि त्या वस्तीत सासरे, मेहुणे, जावई सापडतात.

केंटकीत जमीन नावावर व्हायला चार पायऱ्या होत्या. आधी जमीन मिळण्याचा हक्कपत्र, मग कुठली जमीन हवी त्याची नोंद, मग मोजणी आणि शेवटी सरकारी सनद. १७७९ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने १७७८ पूर्वी येऊन वसलेल्यांना ४०० एकर आणि लगतच्या १,००० एकरांवर पहिला हक्क दिला. या चारही पायऱ्यांवर कागद तयार झाला आणि त्यातले पुष्कळ केंटकीच्या भूमी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मोजणीचा कागद सोडू नका. त्यावर साखळी धरणाऱ्यांची आणि खुणा करणाऱ्यांची नावं असतात, आणि हे लोक अनेकदा घरचेच असत.

लिंकनच्या आजोबांच्या नावावर लाँग रन ओढ्यावरच्या ४०० एकरांची १७८५ ची मोजणी आहे. कागदावर नाव आहे "लिंकहॉर्न". कारकुनाने जसं ऐकलं तसं लिहिलं. हा कागद दोन गोष्टी शिकवतो. एक, आडनाव मोठ्याने उच्चारून पाहा आणि ते जितक्या प्रकारे लिहिता येईल तितक्या प्रकारांनी शोधा. दुसरी गोष्ट जास्त मोलाची. घरातल्या आठवणीप्रमाणे आजोबा केंटकीत आल्यावर एक-दोन वर्षांत, म्हणजे १७८४ पर्यंत गेले. कागदांवरून मात्र मृत्यूचं वर्ष १७८६ धरलं जातं. घटना खरी, जागा खरी, वर्ष सरकलेलं. घरच्या आठवणी बहुतेक वेळा याच पद्धतीने चुकतात.

तेव्हा केंटकी व्हर्जिनियात होतं आणि तिथे बिनमृत्युपत्राची जमीन थोरल्या मुलाला जायची. हा नियम १ जानेवारी १७८७ पासून रद्द झाला. आजोबा त्याच्या काही महिने आधी गेले. जमीन थोरल्या मॉर्डेकायला मिळाली आणि धाकटा थॉमस मजुरी करत मोठा झाला. एका मुलाकडे सगळं आणि दुसऱ्याकडे काही नाही असं दिसलं, तर भांडण झालं असेल असं समजण्याआधी त्या वर्षीचा वारसाकायदा वाचा.

थॉमसने पुढे केंटकीत जमिनी घेतल्या, पण सीमांच्या आणि मालकीच्या वादांत तो पिचला. १८१६ मध्ये कुटुंब इंडियानात गेलं, आणि लिंकनने स्वतः त्याचं मुख्य कारण केंटकीतल्या जमिनीच्या मालकीची अडचण हेच दिलं आहे. ओहायो नदीच्या उत्तरेला जमीन सरकारी मोजणीची होती. सहा मैल लांब-रुंद चौकोन, त्याचे ३६ भाग, प्रत्येक भाग ६४० एकरांचा. ऑक्टोबर १८१७ मध्ये थॉमसने व्हिन्सेन्सच्या भूमी कार्यालयात जमिनीसाठी नाव नोंदवलं. अशा सरकारी सनदा केंद्राच्या भूमी व्यवस्थापन विभागाच्या संकेतस्थळावर नाव टाकून मोफत मिळतात. तुमचा पूर्वज केंटकीतून एकाएकी दिसेनासा झाला, तर इंडियाना, इलिनॉय आणि मिसूरी या तीन राज्यांत तिथे आधी पाहा.

कोर्टाचे आणि पेन्शनचे कागद

मृत्युपत्र मिळालं तर उत्तमच, पण पुष्कळ शेतकऱ्यांनी ते केलंच नाही. अशा वेळी मालमत्तेची यादी, लिलावाचा हिशोब, मुलांच्या पालकत्वाचे कागद आणि वारसांच्या वाटणीचा दावा पाहा. लिलावात केटली आणि नांगर विकत घेणारे बहुधा नातलग असतात. आजोबा लिंकन यांच्या मालमत्तेचा कारभार नेल्सन काउंटीच्या कोर्टाने १७८८ मध्ये सोपवला, ज्या जेफरसन काउंटीत त्यांची जमीन होती तिथल्या नव्हे.

जमीन विकताना बायकोने आपला विधवाहक्क (नवऱ्यामागे त्याच्या जमिनीत मिळणारा वाटा) सोडल्याची नोंद खरेदीखताखाली असते. बाईचं नाव मिळण्याची कधीकधी ही एकच जागा. "प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी" किंवा एका डॉलरला दिलेली जमीन म्हणजे बहुधा मुलगा किंवा जावई.

शब्दांचे तेव्हाचे अर्थ वेगळे होते. "सीनियर" आणि "ज्युनियर" बापलेकच असतात असं नाही, एका गावातले त्याच नावाचे थोरला-धाकटा, कधी काका-पुतण्याही असत. थॉमस लिंकन नावाचा एक काका फेयेट काउंटीत राहत होताच. "अनाथ" म्हणजे बाप गेलेला, आई जिवंत असू शकते. कोर्टाच्या भाषेत "अर्भक" म्हणजे २१ वर्षांखालचा कोणीही, वीस वर्षांचा तरुणसुद्धा.

पूर्वज स्वातंत्र्ययुद्धात लढला असण्याच्या वयाचा असेल, म्हणजे साधारण १७३० ते १७६५ मध्ये जन्मलेला, तर पेन्शनची फाइल शोधाच. १८३२ च्या कायद्याने किमान सहा महिने सेवा केलेल्यांना पेन्शन मिळू लागली आणि म्हाताऱ्या शिपायांना कोर्टात ठरावीक प्रश्न विचारले गेले: जन्म कुठे आणि कधी, वयाचा पुरावा कुठे आहे, भरती झाली तेव्हा राहणं कुठे होतं, तेव्हापासून कुठे कुठे राहिलात. वंशावळ शोधणाऱ्याला हवं असलेलं सगळं त्या माणसाच्या स्वतःच्या तोंडून तिथे लिहिलेलं असतं. विधवांना लग्नाचा पुरावा द्यावा लागे, म्हणून कित्येकींनी घरच्या बायबलची पानं फाडून अर्जाला जोडली. हरवलेलं वाटणारं तुमचं पान कदाचित वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुखरूप असेल. या फाइली आता ऑनलाइन आहेत.

कुठून उघडायचं

फॅमिलीसर्च हे वंशावळीच्या कागदांचं संकेतस्थळ मोफत आहे. त्यावर आता जुनी हस्तलिखित खरेदीखतं आणि मृत्युपत्रं यंत्राने वाचून शब्दागणिक शोधता येतात. पूर्वजाचं नाव जामीनदार, शेजारी किंवा साक्षीदार म्हणून कुठेही आलं तरी मिळतं, हे पूर्वी शक्यच नव्हतं. अॅन्सेस्ट्री या तशाच संकेतस्थळाला पैसे पडतात, पण अमेरिकेतल्या अनेक सार्वजनिक वाचनालयांत ते फुकट वापरता येतं. लोकांनी तिथे चढवलेली तयार झाडं पाहा, पण त्यांतून फक्त सूचना घ्या. ज्या नावाखाली कागद जोडलेला नाही ते नाव आपल्या झाडावर आणू नका. केंटकी आणि टेनेसीच्या पहिल्या वस्त्यांसाठी विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीतला लायमन ड्रेपर यांचा संग्रह आहे. त्यांनी एकोणिसाव्या शतकात केंटकीतल्या सुरुवातीच्या वसाहतकारांपैकी एक असलेल्या डॅनियल बूनच्या मुलासह अनेकांच्या आठवणी लिहून घेतल्या.

डीएनए चाचणी कागदांनंतर करा. नेहमीची चाचणी पाच-सहा पिढ्यांपलीकडे भरवशाची राहत नाही, आणि हे पूर्वज तितक्याच लांब आहेत. थेट आईकडून आईकडे जाणारी रेषा मात्र मायटोकाँड्रियल चाचणीत दूरवर दिसते. नॅन्सी हँक्स यांच्या आईबद्दल दीडशे वर्षं वाद होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा चाचण्यांत एक्स१सी हा अतिशय दुर्मीळ आनुवंशिक गट निघाला आणि त्यांची आई ल्यूसी हँक्स होती या मताला आधार मिळाला. पण चाचणी कोणाची करायची हे कागदांवरून स्त्रियांची रेषा उतरवल्यावरच ठरवता आलं.

हे कागद वाचताना आणखी एक गोष्ट समोर येईल. मृत्युपत्रात भांड्यांच्या आणि घोड्यांच्या ओळीत माणसांची नावं येतील, सोबत किंमतही असेल. सुनेच्या घराण्याच्या यादीत ती पाहिली तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले. ती नावं उतरवून घ्या आणि झाडासोबत जाहीर ठेवा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती, ती मालकाच्या नावाखाली आणि जवळजवळ सगळीकडे त्यांची स्वतःची नावं न लिहिता. त्यांच्या वंशजांना १८७० च्या, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेच्या, मागे जायला तुमच्या घराण्याच्या कागदाखेरीज बहुधा दुसरा मार्ग नाही.

वही कशी ठेवायची

प्रत्येक विधानापुढे कागद, काउंटी, वहीचं नाव, पान आणि पाहिल्याची तारीख लिहा. जिथे शोधलं आणि काही मिळालं नाही तेही लिहा, नाहीतर दोन वर्षांनी तेच दप्तर पुन्हा उघडाल. सिद्ध झालेलं नातं शाईने, संभाव्य पेन्सिलने.

लिंकननेही १८५९ च्या त्या पत्रात असंच केलं आहे. न्यू इंग्लंडमधल्या त्याच आडनावाच्या घराण्याशी नातं जोडण्याचा प्रयत्न झाला, पण एनोक, लेव्ही, मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी सारखी नावं दोन्हीकडे आहेत यापलीकडे काही हाती लागलं नाही, असं त्याने सरळ लिहून ठेवलं. पुढे अभ्यासकांनी पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीत आणि तिथून मॅसॅच्युसेट्समध्ये एकेक पिढी कागदावर जोडत नेली आणि ती साखळी १६३७ साली इंग्लंडहून आलेल्या सॅम्युएल लिंकनपर्यंत पोहोचली. सुनेच्या झाडावर व्हर्जिनियातल्या एका नावापुढे अजून पेन्सिलची रेघ आहे. त्याच्या शेजाऱ्यांची मृत्युपत्रं मी सध्या वाचते आहे.